एक मऊ पेस्ट द्या हो

परवा संध्याकाळी मेडिकलमध्ये आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला उभी होते. माझ्या पुढे एक आजी होत्या, नऊवारी, हनुवटीवर हिरवं गोंदण, सत्तरी कधीच ओलांडलेली. काउंटरच्या काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "एक मऊ पेस्ट दे रं बाळा, दाताला लागणार नाही अशी. गार पाणी पिलं की पार मस्तकात जातंय." पोरगा गडबडीत होता, मागे माणसं वाढत होती, त्याने मान वर न करताच विचारलं, "नॅचरल देऊ का साधी?" आजी जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "कसली बी दे, पण मऊ दे." त्याने हिरव्या खोक्यातली, कडुलिंबाची पानं आणि लवंगा छापलेली ट्यूब काढून पुढे ठेवली. "ही न्या, आयुर्वेदिक आहे, काही त्रास नाही." आजींनी कनवटीची नोट काढली, सुट्टे नीट मोजून घेतले आणि गेल्या. मी घरी आले, भाजी टाकली, जेवणं झाली, आवराआवर झाली, तरी ते डोक्यातून जाईना. पोराने काही वाईट केलं नव्हतं, मनापासूनच दिली त्याने. पण आजींनी विचारलं एक आणि त्यांना उत्तर मिळालं दुसऱ्याच प्रश्नाचं. गार लागतंय म्हणजे नक्की कुठे लागतंय, हिरड्या खाली उतरल्यात का, दात किडलाय का, इतकी वर्षं त्या दात कशाने घासत आल्यात, यातलं काहीच 'नॅचरल का साधी' या प्रश्नात येत नव्हतं.

मला हे इतकं लागायचं कारण म्हणजे माझं स्वतःचं तोंड. कॉलेजात असल्यापासून माझं तोंड येतं. ज्यांना हा त्रास आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी उठल्यावर खालच्या ओठाच्या आत जिभेला काहीतरी खरखरीत लागतं, आरशात ओठ उलटून बघावं तर पांढरट ठिपका आणि त्याला लालभडक कड, मग पुढचे सात-आठ दिवस मिरचीचा ठेचा बंद, लोणचं बंद, बोलणंसुद्धा तोंड वाकडं करून. घरात सगळे उपाय झाले. जाईचा कोवळा पाला चावून तो रस तोंडात धरायचा, त्याने खरंच थंड वाटतं. रात्री झोपताना साजूक तूप लावायचं. गुलकंद. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. 'पोट साफ नाही तुझं' हे तर प्रत्येक मावशी-आत्याने सांगून झालं. पेस्टकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही. ते दाखवलं आमच्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी. एका दाढेत सिमेंट भरायला गेले होते, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, पेस्ट कुठली वापरता? पुढच्या वेळी खोकं घेऊन या. नेलं. त्यांनी ते उलटं केलं, मागची मुंगीएवढी अक्षरं डोळ्यांजवळ धरली आणि एका ओळीखाली नखाने रेघ मारली. सोडियम लॉरिल सल्फेट. म्हणाल्या, "फेस येतो ना, तो याचा. दात स्वच्छ व्हायला फेस लागत नाही. याच्याशिवायची बघा काही महिने."

हे सोडियम लॉरिल सल्फेट म्हणजे तेलकटपणा सोडवणारं द्रव्य. शांपूत असतं, अंगाच्या साबणांत असतं. ब्रश केल्या केल्या चहा प्यायला की तो विचित्र लागतो, संत्रं खाल्लं की कडू जहर लागतं, त्यामागेही हेच असतं, जिभेवरची गोड चव ओळखणारी यंत्रणा ते थोडा वेळ दाबून टाकतं. आणि गालाच्या आतल्या बाजूला जो नाजूक ओलसर थर असतो तो काही जणांच्या तोंडात याने दुखावतो. नॉर्वेमध्ये १९९० च्या दशकात वारंवार तोंड येणाऱ्या लोकांवर याचा अभ्यास झाला, तेव्हा हे द्रव्य नसलेली पेस्ट वापरताना त्यांना फोड कमी आले असं दिसलं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तितका फरक दिसला नाही हेही खरं, सगळ्यांची तोंडं सारखी नसतात. माझ्यापुरतं सांगायचं तर माझं तोंड येणं थांबलं नाही, परीक्षा असो, जागरण असो, अजूनही येतं, पण पूर्वी एक बरं होतंय तोवर दुसरं डोकं वर काढायचं, ते बंद झालं. पहिले काही दिवस मात्र दात घासल्यासारखंच वाटायचं नाही. फेस नाही, तोंडात नुसतं ओलं ओलं, आणि मन म्हणतंय की अजून घास. आपल्याला लहानपणापासून फेस म्हणजेच स्वच्छता असं शिकवलं गेलंय, कपड्यांच्या बाबतीत, भांड्यांच्या बाबतीत, दातांच्या बाबतीत.

मग मी दुकानात उभं राहून खोकी वाचायला लागले. लोक वैतागतात, पण वाचते. आणि लक्षात आलं की पुढच्या बाजूला तुळस, लवंग, कडुलिंब, बाभूळ छापलेल्या कितीतरी पेस्टमध्ये मागच्या बाजूला तेच सोडियम लॉरिल सल्फेट आहे. यात फसवणूक आहे असंही म्हणता येत नाही, कारण मागे लिहिलेलं असतं, आणि हे द्रव्य बऱ्याचदा खोबरेल तेलापासून किंवा पाम तेलापासूनच बनवतात. म्हणजे त्याचं मूळ शोधत गेलं तर ते नारळाच्या झाडापर्यंत जातं. नारळापासून आलेलं आहे म्हणून माझ्या ओठाला त्याने सोडलं नाही.

त्यात ते ट्यूबच्या तळाच्या रंगीत पट्टीचं प्रकरण. हिरवी पट्टी म्हणजे पूर्ण नैसर्गिक, निळी म्हणजे नैसर्गिक अधिक औषध, काळी म्हणजे सगळं केमिकल, हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून एकदा तरी येतोच. काकांनी पाठवला की खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. ती पट्टी खरं तर कारखान्यातल्या मशीनसाठी असते, ट्यूब कुठे कापायची आणि कुठे दुमडायची हे सेन्सरला कळावं म्हणून छापलेली खूण, आतल्या मालाशी तिचा काही संबंध नाही. मी हे दरवेळी ग्रुपवर नीट समजावून लिहिते. काकांचा राग नाही येत, कारण त्या मेसेजच्या मागे जी धडपड आहे ती मला कळते. आपण रोज सकाळी पोराबाळांच्या तोंडात काय घालतोय हे कुणालातरी सोप्या खुणेने सांगता यावं, एवढीच ती इच्छा आहे.

आणि आता ज्याच्याविषयी लिहायचं होतं तिथे येते.

आमच्या साताऱ्याकडच्या घरात आजी मशेरी लावायची. आजी लावायची, मोठी काकू लावायची, शेजारच्या घरातल्या झाडून सगळ्या बायका लावायच्या. आठवड्यातून एकदा मशेरी भाजायचा कार्यक्रम असायचा. तंबाखूची सुकी पानं चुलीवरच्या जुन्या तव्यात टाकायची, हा तवा भाकरीचा नाही, वेगळा, काठ तुटलेला, आणि मंद जाळावर ती काळी होईपर्यंत उलथन्याने खालीवर करत राहायची. तो वास ज्याने घेतलाय तो विसरणार नाही. आधी गोडसर, मग घशाला ठसका आणणारा, मग डोळ्यांतून पाणी. आम्ही पोरं खोकत खोकत अंगणात पळायचो आणि गल्लीच्या टोकाला कळायचं की आज कुणाकडे मशेरी भाजतायत. गार झाली की आजी ती हातानेच चुरडायची, मग खलात, मग फडक्यातून गाळून पत्र्याच्या गोल डबीत. पहाटे चहाच्या आधी ओट्यावर उकिडवं बसून डाव्या तळहातावर चिमूटभर मशेरी आणि उजव्या हाताची तर्जनी. आधी वरचे दात, मग खालचे, मग दाढांच्या मागे, अगदी सावकाश, समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याशी तोंड बंद ठेवून हुंकारात बोलत. मध्येच बाजूला पिंक. घरातल्या बायकांना दिवसभरात स्वतःसाठी बसायला मिळायचा तो एवढाच वेळ, हे मला फार पुढे, माझं स्वतःचं घर झाल्यावर कळलं. सासूही त्या वेळात हाक मारत नसे, कारण सासूच्याही तोंडात मशेरी.

मशेरीत केमिकल काही नाही. पान, विस्तव, बोट. शेतात उगवलेलं, घरी भाजलेलं, आजीच्या हातचं. आणि तिच्यातलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, गरोदर बाईने लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका असतो. सुरुवात बहुतेकींची एकाच कारणाने झालेली असते, दाढ दुखत होती आणि कुणीतरी सांगितलं थोडी मशेरी दाबून धर. दाढ बधिर होते, दुखणं थांबल्यासारखं वाटतं, आणि पंधरा दिवसांत मशेरीशिवाय पोट साफ होईनासं होतं, डोकं दुखायला लागतं. सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनांत तंबाखू वापरायला बंदी घातली, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि बंदी कायम राहिली. पण कायदा कारखान्यातल्या डबीपर्यंत पोचतो. काठ तुटलेल्या तव्यापर्यंत कोण पोचणार?

आई मशेरी माहेराहून घेऊन आली होती. पुण्यात फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर भाजता येईना, म्हणून गावाहून डबी यायची. ती ब्रशही करायची, आम्हाला दाखवायला म्हणून नाही, तिला ते खरंच दोन वेगळी कामं वाटायची. ब्रश दातांसाठी, मशेरी बरं वाटण्यासाठी. काही वर्षांपूर्वी तिच्या खालच्या हिरडीवर, जिथे तर्जनी सगळ्यात जास्त फिरायची बरोबर तिथे, एक पांढुरका चट्टा दिसला. पुसून जाईना. डॉक्टर मॅडमनी तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. कॅन्सर नव्हता. पण मॅडमनी आईला समोर बसवून, तिचा हात हातात घेऊन सांगितलं की ताई, आता थांबायचं. आई थांबली. किती अवघड गेलं तिला ते. चिडचिड, डोकेदुखी, पोटाची तक्रार, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ते बोट. सकाळी बाल्कनीत बसली की तिचं बोट नुसतंच तोंडाकडे जायचं. मॅडमनीच सुचवलं की बोटाने हिरड्यांना नुसता मसाज करा, हवं तर थोडं खोबरेल लावून. आई ते करते. खोबरेलाने दात किडायचे थांबतात असा माझा दावा नाही, पण तिची ती सकाळ तिला परत मिळाली आणि मला वाटतं त्या वेळी तिला नेमकी त्याचीच गरज होती. कुठल्या गोष्टीचा उपयोग कशासाठी, एवढं स्वच्छ ठेवलं की अशा साध्या गोष्टी फार कामाच्या असतात.

राखुंडीचंही तसंच. आजोळी चुलीतली शेणीची राख चाळून, वस्त्रगाळ करून एका कोनाड्यात ठेवलेली असायची. थोडी हौशी घरं असली की त्यात बदामाच्या टरफलांची जाळून केलेली पूड, तुरटीची लाही, मीठ, लवंग, चिमूटभर कापूर. त्याच राखेने भांडीही घासली जायची आणि पितळ कसं झळझळायचं. दातही झळझळायचे. राखेत गवताची, तुसाची सिलिका उतरलेली असते. कठीणपणा मोजायचं मोह्सचं जे माप आहे त्यात दाताचं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, साधारण ५ वर येतं, वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर, खडूची पूड ३ वर आणि खायचा सोडा अडीचच्या आसपास. म्हणजे राखेत किंवा लाल मंजनातल्या गेरूत मातीचा कण राहिला तर तो इनॅमलला ओरखडे काढू शकतो, आणि इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही. शरीरातली सगळ्यात कठीण गोष्ट, पण तिला दुरुस्त करायला आत जिवंत पेशीच नाहीत. हिरडीजवळ तर ते फार पातळ असतं. पेस्टमध्येही घासणारी पूड असतेच, बऱ्याचदा खडू नाहीतर सिलिका, पण तिचा कण किती बारीक आणि किती गोल हे ठरवून केलेलं असतं. पेस्ट किती खरवडते याचं एक जागतिक माप आहे, आरडीए म्हणतात त्याला, २५० च्या वर जायचं नाही असा दंडक आहे. आपल्याकडे खोक्यावर हा आकडा छापत नाहीत. छापला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. मेडिकलमधल्या त्या आजींना 'मऊ' म्हणून जे हवं होतं त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी माहिती तीच आहे.

हल्ली माझ्या लेकीच्या वयाची मुलं काळ्या कोळशाच्या पेस्टने दात घासतात. दात पांढरे होतात म्हणे. वरचे चहाचे डाग खरवडून निघतात, म्हणून चार दिवस पांढरे दिसतात, पण इनॅमल झिजत गेलं तर आतलं पिवळसर डेंटिन दिसायला लागतं आणि मग दात उलट आणखी पिवळा. लेकीला मी एवढंच दाखवलं. तिने ती पेस्ट ठेवून दिली, आता पायातल्या चांदीच्या पैंजणांना वापरते.

काडीबद्दल मात्र माझं मन वेगळं आहे. आजोबा बाभळीची काडी वापरायचे, कधी करंजाची, कधी कडुलिंबाची. पहाटे रानाकडे निघताना वाटेतच मोडून घ्यायची, कोवळी, करंगळीच्या टोकाएवढी जाड. साल दातानेच सोलायची आणि एक टोक दाढेखाली धरून चावत राहायचं, लगेच घासायचं नाही. विहिरीपर्यंत पोचेस्तोवर त्या टोकाचे धागे सुटून कुंचला व्हायचा, लाळेने पार भिजलेला, आणि मग कुठे एकेक दात. शेवटी काडी मधोमध उभी चिरायची, दोन्ही हातांनी कमान करून तिने जीभ खरवडायची, आणि तुकडे बांधावर टाकायचे. पुढे मी वाग्भटाच्या अष्टांगहृदयातला दिनचर्येचा अध्याय वाचला तेव्हा आजोबाच डोळ्यासमोर आले. त्यात रुई, वड, खैर, करंज, अर्जुन यांच्या काड्या सांगितल्यात, बारा अंगुळं लांब, करंगळीच्या टोकाएवढी जाड, टोक मऊ केलेलं, सकाळी आणि जेवणानंतरही, आणि हिरड्यांना इजा न होऊ देता. शिवाय कुणी काडी वापरू नये हेही तिथेच आहे, आणि त्या यादीत तोंड आलेला माणूस आहे. मी ते दोनदा वाचलं. 'नैसर्गिक म्हणजे त्रास नाही' हे आजचं वाक्य त्या जुन्या वैद्याने कधीच लिहिलं नसतं. त्याने कुणाला, कधी, किती जाड, किती मऊ, सगळं विचारलंय.

दातांना गार लागण्याचं म्हणाल तर त्याचं कारण पेस्टपेक्षा हातात जास्त असतं. हिरडी खाली उतरली की दाताचं मूळ उघडं पडतं, त्यावर इनॅमल नसतं, आणि आतल्या डेंटिनमध्ये सूक्ष्म नळ्या असतात, थेट नसेकडे जाणाऱ्या. गार पाण्याने त्या नळ्यांतला द्रव हलतो आणि कळ मस्तकात जाते. हिरडी उतरते कशाने, तर हिरड्यांच्या आजाराने, किंवा कडक ब्रशने आडवं, जोर लावून, परात घासावी तसं घासल्याने. सुळ्यांच्या मुळाशी नखाने चाचपून बघा, खाच लागते का. सेन्सिटिव्ह म्हणून ज्या पेस्ट मिळतात त्यातल्या काहींत पोटॅशियम नायट्रेट असतं, ते नस शांत करतं, पण त्याला दोन ते चार आठवडे लागतात, दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडून द्यायची नाही. काहींत आर्जिनिन असतं, काहींत आणखी काही, त्या नळ्यांची तोंडं बुजवतात. लवंगेच्या तेलाने बधिर होतं हे अगदी खरं, त्यातलं युजेनॉल दातांचे डॉक्टरही वापरतात, पण निव्वळ तेल हिरडीवर चोळलं तर हिरडी भाजते. आणि लिंबू, चिंच, आवळा खाऊन लगेच ब्रश करू नये, आंबटाने इनॅमलचा वरचा थर तेवढ्यापुरता नरम पडलेला असतो, अर्धा तास थांबावं, नुसती चूळ भरावी. आमच्याकडे आवळ्याच्या दिवसांत हे मी सगळ्यांना सांगत फिरते.

या सगळ्यानंतर एक गोष्ट उरते आणि तीच सगळ्यात वादाची, फ्लोराईड. नैसर्गिक पेस्ट म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बऱ्याच ट्यूबवर 'फ्लोराईड नाही' असं अभिमानाने लिहिलेलं असतं. काडी, राखुंडी, मंजन, खोबरेल, यांत कशातच ते मुद्दाम घातलेलं नसतं. पूर्वी दात किडायचे नाहीत, असं म्हणणारे आजोबांचा दाखला देतात, पण आजोबांच्या घरात साखर सणाला यायची. आज लेकरू सकाळी बिस्किट, शाळेत क्रीमचं बिस्किट, संध्याकाळी चॉकलेट. साखरेवर जगणारे जंतू आम्ल करतात, आम्लाने दातातलं कॅल्शियम जातं, आणि फ्लोराईड ते परत बसायला मदत करतं. मी घरात फ्लोराईडची पेस्ट वापरते आणि ते सोडायचा माझा विचार नाही. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये ते १००० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा, जास्त घालता येत नाही आणि ट्यूबवर आकडा लिहावाच लागतो, तो बघून घ्यावा. खडूच्या पेस्टमध्ये साधं सोडियम फ्लोराईड चालत नाही, खडूतलं कॅल्शियम ते धरून ठेवतं, म्हणून तिथे सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट असतं, ते नाव लांबलचक आणि भीतीदायक दिसतं एवढंच. आणि घासून झाल्यावर खळखळून चार चुळा भरायच्या नाहीत, फेस थुंकून टाकायचा आणि सोडून द्यायचं, म्हणजे ते दातावर थोडा वेळ राहतं. हे सासूबाईंना काही केल्या पटत नाही. चूळ भरली नाही तर त्यांचं तोंड उष्टं राहतं.

पण हेच फ्लोराईड आपल्या राज्याच्या काही भागांत जमिनीतूनच वर येतं. खडकातून पाण्यात उतरलेलं, शंभर टक्के निसर्गाचं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किती गावांत शाळेतली मुलं हसली की पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, आणि जास्तच असलं तर मोठ्या माणसांची हाडं, सांधे धरतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा उपाय नसेल तर दीडपर्यंत, त्याच्यावर नाही. माझी धाकटी बहीण पांढरकवड्याजवळ दिलेली आहे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताई, बाळूला चार वर्षं झाली, त्याला सौम्य अशी कुठली पेस्ट घेऊ, इथे सगळे म्हणतात फ्लोराईड नको, तू म्हणतेस हवं." मी तिला पेस्टचं नाव सांगितलंच नाही आधी. विचारलं, पाणी कुठलं पिता? बोअरचं. उकळून? हो, उकळून. उकळून फ्लोराईड जात नाही गं, पाणी आटतं तसं ते वाढतंच. तुमच्या बोअरची तपासणी कधी झाली होती? तिला माहीत नव्हतं, भाऊजींनाही नव्हतं.

तर आता असं ठरलंय की ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून बोअरचा नमुना भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाठवायचा. आकडा आला की तो घेऊन तिथल्याच दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आणि बाळूची पेस्ट त्यांनी ठरवायची, तिथलं पाणी आणि तिथली मुलं ते रोज बघतात. तोवर ब्रशवर वाटाण्याएवढीच पेस्ट, त्याहून जास्त नाही, आणि बाळू गिळत नाही ना हे बघायला कुणीतरी मोठं माणूस शेजारी उभं. काल बहिणीचा परत मेसेज आला. त्याच बोअरवरून अंगणवाडीच्या टाकीतही पाणी जातं हे तिच्या लक्षात आलं, म्हणून ती सेविकाताईंना जाऊन भेटली, आणि आता नमुन्याच्या बाटल्या दोन जाणार आहेत.